शनिवारची पंगत

मी तुम्हाला फोनवर वर्तमानपत्रातला एक फोटो पाठवला होता. त्यावर तुम्ही दोघांनी अंगठे पाठवलेत आणि खाली लिहिलंत, "आजी, छान दिसतेस." आमच्या महिला मंडळाने वृद्धाश्रमात चादरी वाटल्या, तेव्हाचा तो फोटो. अध्यक्षबाई चादर देत आहेत आणि मी बाजूला हातात कागद धरून उभी आहे. मान खाली घालून चादर घेणारी बाई माझी मैत्रीण आहे. तेव्हा मी हे तुम्हाला सांगितलं नाही. आता क्रमाने सांगते.

आमच्या मंडळात आम्ही वीसेक जणी आहोत. दर गुरुवारी दुपारी एकीच्या घरी जमतो, आणि महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी वृद्धाश्रमात जेवण घेऊन जातो. मी सेक्रेटरी. कोणी भात आणायचा, कोणी आमटी, कोणी पोळ्या, याची यादी मी करते. ती मैत्रीण आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. मूळची अक्कलकोटकडची, कानडी घरातली, सातवीपर्यंत शिकलेली. कुठल्याच यादीत नसलेली कामं ती करायची. तिथल्या बायकांजवळ बसायची, त्यांचे केस विंचरायची, नखं कापून द्यायची. पहिल्या खेपेला रिक्षात ती मला म्हणाली होती, "सेक्रेटरीबाई, तितं कुणाला पोराबाळांचं इचारू नका. मग सांगावं लागतं त्यांना." मी त्याचा नियमच करून टाकला आणि वहीत लिहून ठेवला. ती त्यावर पुष्कळ दिवस हसत होती.

तिचे यजमान गेले. त्यानंतर वर्षभराने तिने सांगितलं की ती पुण्याला मुलाकडे राहायला जाते आहे. आम्ही तिला निरोप दिला. मी चार शब्द बोलले आणि ती रडली. मला वाटलं, आम्हाला सोडून जायचं म्हणून रडते आहे.

पुढच्या संक्रांतीला आम्ही शेंगाच्या पोळ्या आणि चादरी घेऊन आश्रमात गेलो. तिथे नवे व्यवस्थापक आले होते. त्यांनी झाडून सगळ्यांना अंगणात बसवलं आणि नावांची यादी माझ्या हातात दिली. मी एकेक नाव वाचत गेले. एका नावाला कोणी उठलं नाही. मी तेच नाव पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने, आडनावासकट. माझी मैत्रीण पुण्यात आहे असंच मी धरून चालले होते; मागच्या बाकावरून ती उठली तेव्हा मला कळलं की मी कुणाचं नाव वाचते आहे.

"आले की," ती म्हणाली. "बहिरी न्हाय मी."

दोघीतिघी हसल्या. माझ्यासमोरून जाताना ती हळूच म्हणाली, "वाचा पुढचं. लोक ताटकळलेत." फोटो काढणारा म्हणाला, "आजी, जरा इकडं बघा." तिने बघितलं नाही.

व्यवस्थापकांकडून कळलं की ती दिवाळीपासून तिथे होती. आमच्या शनिवारी ताप आल्याचं सांगून खोलीचं दार लावून घ्यायची आणि ताट आत मागवायची. तिच्या मुलाबद्दल मी काही लिहिणार नाही. माझा मुलगाही दूर आहे, आणि कुणाच्या घरातलं बाहेरून कळत नाही.

त्या गुरुवारी मीच विषय काढला. म्हटलं, आपण गेलो की तिला लपून बसावं लागतं. यापुढे आपण शहराच्या दुसऱ्या टोकाच्या आश्रमात जाऊ. आमच्यातली सगळ्यांत लहान म्हणाली, "काकू, तिला विचारायचं का एकदा?" मी म्हटलं, विचारलं तर तिला आणखी लाजल्यासारखं होईल. सगळ्यांना ते पटलं. मी ठराव सुवाच्य अक्षरात लिहिला आणि खाली सह्या घेतल्या.

दोन महिने गेले. तिला फोन करायचं मी रोज ठरवत होते आणि रोज राहून जात होतं. ऊन तापायला लागल्यावर एका सकाळी शेंगाची चटणी बांधून घेतली आणि एकटीच गेले. ती व्हरांड्यात बसली होती.

"आलात व्हय," ती म्हणाली. "वाट चुकलात की काय?"

"अगं, तुला अवघडल्यासारखं व्हायला नको, म्हणून आम्ही..."

"खोलीत बसून तुमचा समद्यांचा आवाज ऐकायची मी. कोण आलं, कोण न्हाय, कळायचं. एकदा भातात मीठ न्हवतं, तेबी कळलं. तुमीच आणला असणार."

मला हसूही आलं नाही. समोरच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या. त्यांतली एक आवाज न दाबता दुसरीला म्हणाली, "हिच्यामुळंच शनिवारचं बंद झालं. हिच्या मैतरणी न्हवं त्या."

"ऐकलात?" ती म्हणाली. "दोन महिने हेच चाललंय. माझ्याजवळ कोण बसत न्हाय." मग बराच वेळ ती चटणीच्या पुड्याची दोरी सोडवत राहिली. "पोरगा हितं आणून सोडणार, हे मला आधीपासनं ठावं होतं. तुमचं न्हवतं ठावं."

मी तिची क्षमा मागितली. ती "असू द्या" म्हणाली, पण माझ्याकडे बघून नाही.

पुढच्या गुरुवारी मी मंडळात सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही सांगितलं, आणि दुसऱ्या शनिवारी आम्ही पुन्हा त्या आश्रमात गेलो. या वेळी तिने दार लावून घेतलं नाही. ती पंगतीत बसली होती, अगदी टोकाला, आणि शेजारच्या ताटावर कोणी बसलं नव्हतं. मी भाताचं पातेलं घेऊन आधी तिच्यापाशी गेले. तिने ताटावर आडवा हात धरला.

"आधी त्यांना वाढा. मला शेवटी."

"अगं, असं काय करतेस?"

"सेक्रेटरीबाई, मला यांच्यात राहायचंय. तुमच्याबरोबर घरी न्हाय यायचं."

मी बाकीच्यांना वाढून आले. तिच्यापर्यंत पोचेस्तोवर आमटी तळाशी गेली होती आणि पोळ्यांचे तुकडे उरले होते. तिने ते खाल्ले आणि ती पाणी प्यायली.

त्याला आता काही महिने झाले. हल्ली तिच्या शेजारी एक बाई बसते, कधी दोघी. बाकावरची ती बाई मात्र अजून बसत नाही. दर खेपेला माझी मैत्रीण ताटावर हात धरते आणि मी पुढे जाते. हात बाजूला सारून आधी तिला वाढावं, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. पण तिच्या भल्याचं काय ते मी एकदा तिला न विचारता ठरवलं होतं. म्हणून ती सांगते तसं, तिला शेवटी वाढते.