जोगळेकरकाकांचा गाजरगवताशी दावा

जोगळेकरकाका पहिल्यांदा भेटले तेव्हा बोलता बोलता माझ्या पायांकडेच बघत होते. मी ओशाळले. वाटलं, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घातल्या की काय! तेवढ्यात ते वाकले, माझ्या पायाशेजारचं गाजरगवत मुळासकट उपटून पिशवीत टाकलं आणि म्हणाले, "हं, बोला." भोपाळच्या बरखेड्यात आम्हाला शेजार लाभला तो असा.

काका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. "बिघाड आहे म्हणजे कारण आहे. सापडत नसेल तर आपलं डोकं कमी पडतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, मग विषय पंख्याचा असो की जावयाचा. पण काकूंच्या दम्यापुढे त्यांचं काही चालेना. गौरी-गणपती जवळ आले की काकूंचा श्वास अडकायचा. डॉक्टरांनी गाजरगवताचं नाव घेतलं आणि काकांनी त्या गवताशी उभा दावा मांडला.

भाद्रपदात आमच्या भागातली सगळी मोकळी जागा त्या बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जाते. काका सकाळीच निघत आणि भारेच्या भारे उपटून आणत. "अंकल, रहने दो, फिर उग आएगी," समोरच्या दुबेबाई म्हणत. "उगने दो, मैं भी यहीं हूँ!" इकडे काकूंचा त्रास मात्र वाढतच चालला. शेवटी काका माझ्याकडे आले. "बाई, मी जितकं उपटतो तितकी ही जास्त धापा टाकते. हे उलटं गणित कुठलं?"

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून मला विचारलं. जाऊन बघते तर उपटलेले भारे काकूंच्याच खिडकीखाली वाळत पडलेले आणि काकांच्या बाह्या परागांनी माखलेल्या. "काका, फुलावर आलेलं उपटलं की पराग उडतात. ते तुम्हीच घरात आणताय. फुलण्याआधी, आषाढात उपटा." काका मटकन पायरीवर बसले. आतून काकू म्हणाल्या, "अहो, माझ्यासाठी एवढं केलंत, आता जरा कमी करा!" एवढं बोलतानाही त्यांना धाप लागत होती.

पुढच्या वर्षी काकांनी आषाढातच रान साफ केलं. त्या गणपतीत काकूंनी न थांबता सबंध आरती म्हटली आणि काकांनी सगळ्यांसमोर डोळे पुसले.

पण फाल्गुनात काकूंना पुन्हा धाप लागली. काका चक्रावले. आता तर गाजरगवताचं एकही रोप नव्हतं! मागच्या अंगणात काकूंच्या आवडीचा चाकवत बियांसाठी राखलेला, तो फुलला होता. त्याचेही पराग त्रास देतात. पण त्यानंच झालं असेल का, हे मलाही छातीठोकपणे सांगता येईना. "म्हणजे आपण खातो तेही वैरी?" असं म्हणत काकांनी तोही कापला. कुणावर रागवावं हेच त्यांना कळेना.

काकू गेल्या त्या मे महिन्यात, दुपारी झोपेतच. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. भोपाळ तेव्हा भाजून निघत होतं, मैदानात हिरवी काडी नव्हती.

संध्याकाळी मी काकांसाठी चहा घेऊन गेले.

"बाई, मे महिन्यात हवेत हे पराग वगैरे काही नसतं ना?"

"फारसं नाही, काका."

"मग?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत चहा घ्यायचाच नाही असं ठरवल्यासारखे कप हातात धरून बसून राहिले.