रिकाम्या कपातला भुंगेरा

या सदरातले अनुभव मी आजवर चहा पिता पिता वाचले आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसले. रागावू नका. मी जव्हारला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. जे टाचणीला टोचून मायक्रोस्कोपखाली धरता येतं तेवढंच खरं, असा माझा खाक्या. आजही भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी हे लिहितेय... कारण डोक्यातून जात नाही.

माझा अभ्यास आखूडपंखी भुंगेऱ्यांचा. त्यातली एक जात आमच्या जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात मिळते. बोटाच्या पेराएवढी, काळीकुळकुळीत, पाठीवरच्या झाकणांवर मळकट सोनेरी लव. झाकणं इतकी आखूड की निम्मं पोट उघडंच राहतं — लहानपणीचं पोलकं मोठ्या बाईला घातल्यासारखं. उडायचे पंख त्या एवढ्याशा झाकणाखाली घड्या घालून कोंबलेले असतात. जबडे विळ्यासारखे बाकदार. डिवचलं की शेपटाकडचा भाग विंचवासारखा वर उचलतो. मेलेल्या जनावरावर माश्यांच्या अळ्या होतात, त्या हा खातो. म्हणजे जिथे मढं नाही तिथे हा नाही.

ही जात कुठे कुठे आहे याचा मला नकाशा करायचा होता. पद्धत साधी. प्लास्टिकचा कप तोंडापर्यंत जमिनीत पुरायचा आणि वर सुकटीची पुरचुंडी टांगायची. वासाने भुंगेरा येतो, आत पडतो. अशा कपांसोबत प्रत्येक ठिकाणी एक कप रिकामा ठेवायचा, आमिष न लावता. त्यात काही आलं नाही, तरच बाकीच्यांत तो वासाने आला असं छातीठोकपणे म्हणता येतं. मोखाड्याच्या बाजूला लावलेले माझे सगळे रिकामे कप रिकामेच राहिले होते.

साखरशेतच्या पाड्यावर मी कमळच्या घरी उतरायची. कमळ माझी जुनी विद्यार्थिनी, हुशार पोरगी. बारावी झाली आणि इकडच्या पाड्यावर तिचं लग्न लावून दिलं. घरात वास नको म्हणून सुकटीचे कप मी लांब ओहोळाकडे लावले आणि रिकामा कप तिच्या परसात, ऐनाच्या झाडाखाली. तिची मुलगी सोनी तेव्हा रांगत होती. मी बसले की माझ्या पिशवीचा बंद तोंडात घालायची आणि सोडवायला गेलं की खदखदून हसायची. मला स्वतःला मूल नाही. त्या पोरीने मला लळा लावला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

पहिल्यांदा त्या रिकाम्या कपात भुंगेरा दिसला तेव्हा मला आनंदच झाला. वाटलं, जवळपास उंदीरबिंदीर मेला असेल. शोधलं. कपाभोवतीची माती खणून हुंगली. काही नाही, स्वच्छ तांबडी माती. माझे पीएच.डी.चे गाईड म्हणाले, तुमच्या हाताला सुकटीचा वास असणार. म्हणून हातमोजे घालून कोरा कप पुरला. पुन्हा भुंगेरा. आणि तो वागतही वेगळा होता... एरवी हे कपात पडले की भिंतीवर धडपडतात, उडायला बघतात. हा तळाशी गप्प बसलेला. काडीने डिवचला तरी शेपूट उचलली नाही.

कमळची सासू नागली पाखडत होती. तिने एकदा कपात डोकावून पाहिलं आणि सूप तसंच हातात धरून उभी राहिली.

“ह्यो मढ्यावं बसतो ना, बाय?” तिने विचारलं. मी हो म्हटलं.

“मंग हितं कोनासाटी बसलाय?”

मी तिला समजावलं, कीटक कधी कधी भरकटतात वगैरे.  तरी त्याच आठवड्यात मी उगाच काहीतरी निमित्त काढून कमळला आणि सोनीला जीपने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नीट तपासलं, वजन केलं. थोडं कमी आहे पण काळजीचं कारण नाही म्हणाले, औषध दिलं. परत येताना मी स्वतःवरच हसले. तरी घरी पोचल्या पोचल्या तो कप उपटला, खड्डा बुजवला, वर पाय देऊन जमीन सपाट केली. का केलं, तेव्हाही सांगता आलं नसतं.

भात पोटरीला आलं होतं तेव्हा सोनीला ताप भरला. पावसाची झड लागलेली, ओहोळ रस्त्यावरून वाहत होता, जीप अलीकडे येईना. बापाने तिला छातीशी बांधून पलीकडे न्यायचं ठरवलं होतं. पाणी ओसरायच्या आत ती गेली.

मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. इकडे लहान मूल जाळत नाहीत, पुरतात. नेहमीची जागा ओहोळाच्या काठाला, पण ती पाण्याखाली होती. म्हणून बापाने परसातच, जिथे माती मऊ लागली तिथे खणलं. कप कुठे होता हे त्याला ठाऊक नव्हतं — मी कप लावला तेव्हा तो भिवंडीला कामाला होता. कमळ मला मागे घेऊन गेली. दगड रचलेले, वर करवंदीचे काटे. मी वर ऐनाचं झाड बघितलं. तीच जागा. हातभरही इकडेतिकडे नाही.

जागेचं स्पष्टीकरण देता येईल. मीच तिथली माती भुसभुशीत केली होती, म्हणून ती मऊ लागली. पण भुंगेरा? पोर अंगणात हसत असताना तो कशाच्या वासाने आला? गाईड म्हणतात, योगायोग. असेल. नकाशावर सगळीकडे मी टिंब दिलं आहे, साखरशेतला अजून हात धजत नाही.

हे इथेच संपलं असतं. पण कमळ आता पुन्हा गरोदर आहे. तिने मला फोन केला. रडली नाही, काही नाही. म्हणाली, “बाई, येताना तो कप घेऊन या. मोकळाच लावा. त्यात काय आलं त आदी मला सांगा.”

मी पुष्कळ समजावलं. शेवटी गेले. घराच्या दुसऱ्या बाजूला, तिने दाखवलं तिथे कप पुरला. आता दर महिन्याला जाते. कमळ दारात पोटावर हात धरून उभी असते, मी वाकते आणि सांगते, काही नाही गं, रिकामा आहे. ती मान हलवते आणि चहा टाकायला आत जाते.

गेल्या महिन्यात मी डोळे मिटून वाकले होते.