चार बोटं तोकडी काठी

माझ्या नवऱ्याची पेटी कबरीत अडकली. डोकं खाली, पाय वर. दोर धरलेली माणसं घामाघूम झाली, गीत अर्ध्यावर थांबलं आणि शमुवेल मास्तर सुताराच्या अंगावर ओरडले, "पेटी लांब केलीस की रं!"

मास्तर आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच. दुसऱ्यांच्या चुका काढणं हे त्यांचं आवडीचं काम. कुणाचा सूर चढला, कुणाचा पदर पडला, पाळकसाहेबांनी कुठला शब्द गाळला, सगळं भर देवळात सांगायचे. कबरीचं मापही तेच द्यायचे. दोन काठ्या आणि एक वीत. काठी त्यांची हातातली. "आपलं माप पक्कं हाय," म्हणायचे.

ती काठी त्यांनी पावसाळ्यात गडमुडशिंगी गावात एका कुत्र्यावर मारली. कुत्रं पळालं, काठीचं टोक मोडलं. सुतारानं खालचं चार बोटं लाकूड कापून टाकलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, "मास्तर, आता हिच्यानं मापू नका."

"रूथाबाई, तुमी चवथी शिकलेल्या. मला माप शिकवताय व्हय?"

त्यानंतर दोघं गेले, दोघंही बुटके. निभावलं. माझा नवरा उंच होता.

म्हणून त्या दिवशी मी रडणं थांबवून म्हटलं, "सुताराला बोलू नका. आधी काठी मापा."

सुतारानं खिशातून टेप काढली. मास्तरांनी काठी स्वतः मापली. त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता टेपलाच नावं ठेवतील. पण त्यांनी टोपी काढली. सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमी सांगितलंतं. म्या ऐकलं न्हाय. चूक माझी हाय."

पेटी वर ओढली. मास्तर कोट काढून खड्ड्यात उतरले आणि पायाकडची माती स्वतः खणली. वर मात्र येता येईना. चौघांनी बगलेत धरून ओढलं. नवऱ्याच्या मातीच्या वेळी मी हसले. लोक काय म्हणाले ते म्हणोत.

पुढं दर रविवारी उपासना संपली की मास्तर बायकांच्या बाकापाशी यायचे. "रूथाबाई, आज काय चुकलं?"

"प्रार्थना लांबली. देवाला कळलं होतं, तरी तुम्ही थांबला नाही. घरी आमटी आटली."

कान लाल व्हायचे. "बरं," म्हणून तरातरा निघून जायचे. पुढच्या रविवारी प्रार्थना आखूड. एकदा मीच चुकीचं सांगितलं, तर म्हणाले, "ह्या खेपेला तुमी चुकलासा." खरं होतं. मला ते तीन दिवस पचलं नाही. तेव्हा समजलं, मास्तर दर रविवारी काय गिळत होते.

जाण्याआधी त्यांनी मुलीला बजावलं होतं, "माझं माप रूथाबाई घेतील. काठीनं न्हाय."

मी टेपनं दोनदा मापलं. वर चार बोटं जास्त सोडली. पेटी सरळ उतरली.

सुतार गेला, ते पाळकसाहेब गेले, दोर धरणारेही गेले. माझ्या नवऱ्याच्या कबरीपाशी त्या दिवशी उभ्या असलेल्यांपैकी आता मी तेवढी उरले आहे.