गुरुवारचं झाकलेलं ताट

मी देव मानत नव्हते. आमच्या घरात एका कोपऱ्यात आईचा देव्हारा आणि दुसऱ्या कोपऱ्यात बाबांच्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे होते. मी गठ्ठ्यांच्या बाजूला वाढले. मानोऱ्याच्या बसस्टँडवर बाबांसोबत पत्रकं वाटताना जोडाक्षरं वाचायला शिकले. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण हक्क मागायचा, दया घ्यायची नाही, ही त्यांची शिकवण माझ्या अंगात राहिली. म्हणून आईच्या पोटातला कॅन्सर आता बरा होण्यासारखा नाही, घरी न्या आणि सेवा करा, असं मोठ्या दवाखान्यानं सांगितलं, तेव्हा ती सेवा कुणापुढे हात न पसरता एकटीनं करायची असं मी ठरवलं.

तीन महिने केली. कूस बदलणं, अंग पुसणं, चादरी धुणं, चमच्यानं पेज भरवणं. दुखणं थांबवायच्या गोळ्या मिळाल्या होत्या, त्या मी जपून देत होते. पुढे याहून जास्त दुखेल, तेव्हा कमी पडू नयेत म्हणून. आई कण्हायची आणि मी तिला म्हणायचे, थोडं सोस. माझा थकवा असा होता की हातातला तांब्या कुठे ठेवायचा तेही आठवायचं नाही.

मध्ये एकदा कारंज्याहून एका संस्थेची गाडी आली होती. बरं न होणाऱ्या माणसांना घरी येऊन बघायचं आणि त्यांचं करणाऱ्यांनाही आधार द्यायचा, असं त्यांचं काम. सोबतची सिस्टर पन्नाशीची, रिसोडकडची. मी तिला दारातच अडवलं. हे काम सरकारी दवाखान्याचं आहे, ते लोकांच्या दयेवर का चालावं, वगैरे बरंच बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. "भाषन मस्त देतं वं तू. पन झोपली कवा होती?" मी दार लावून घेतलं.

आईचा एक नेम होता. दत्तमहाराज दुपारी भिक्षेला फिरतात, म्हणून दर गुरुवारी बाराच्या सुमारास पहिलं ताट वाढून ओसरीवर झाकून ठेवायचं. जो येईल त्यानं जेवायचं, आणि जेवणारा मागेल ती दक्षिणा द्यायची. त्याआधी घरात कुणी खायचं नाही. कुणी आलंच नाही तर दोन वाजता ताट गाईला. अंथरुणाला खिळल्यावरही तिनं नेम सोडला नाही, आणि मी चिडत का होईना, ताट वाढत राहिले. ते बहुतेक गाईलाच जायचं.

त्या गुरुवारी सकाळपासून तिनं चौथ्यांदा पाणी मागितलं. मी नुकतीच चादर बदलून टेकले होते. माझ्या तोंडून निघालं, "मरत काहून नाही तू एकदाची?"

हे लिहू नये असं वाटतं. पण निघालं ते हेच. आईनं भिंतीकडे तोंड केलं. तिकडेच बघत तिनं विचारलं, "ताट वाढलं का, पोरी?"

मी पाणी पाजलं. भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी, मिरचीचा ठेचा वाढला, झाकला, आणि ओसरीच्या खांबाला टेकून बसले. देव्हाऱ्याकडे बघून आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हटलं, माझ्यानं आता होत नाही. मागितलं काहीच नाही. मागायचं काय, तेही कळत नव्हतं.

थोड्या वेळानं गाडी थांबली. तीच सिस्टर. चप्पल काढून ती सरळ ओसरीवर बसली.

"आज भाषन नोको देऊ, बाई. लय भूक लागली. हे ताट कोनाचं हाय?"

"देवाचं."

"तो कुठं अटकला, काय मालूम. मी खाऊ का?"

मी झाकण काढलं. ती मन लावून जेवली, ठेचा पुन्हा मागून घेतला. आतून आईचा आवाज आला, "कोन जेवून राह्यलं वं?" तसा आवाज कितीतरी दिवसांत मी ऐकला नव्हता. त्यात कण्हणं नव्हतं.

हात धुऊन सिस्टरनं पदराला पुसले. "माहीत हाय न, जेवनाऱ्याले दक्षिना द्या लागते?"

"काय देऊ?"

"तुही माय दे. दोन तास. तू झोप."

मी नाही म्हणणार होते. इतक्यात आई आतून म्हणाली, "दे वं पोरी. दारचं मागनं मोडू नोको."

मी गोठ्याजवळच्या बाजेवर पडले. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. आई धुतलेल्या लुगड्यात होती, केसांची वेणी घातलेली, तोंड आतून स्वच्छ केलेलं, आणि ती झोपली होती, कपाळावर एकही आठी नव्हती. सिस्टरनं माझ्या साठवलेल्या गोळ्या समोर ठेवल्या. "दुखनं यायची वाट पाहून राह्यली का? घड्याळ पाहून देत जाय. सरल्या तं आमी आनून देऊ." मी रडत तिला सकाळचं वाक्य सांगितलं. ती म्हणाली, "तुह्या मायनं सांगतलं मले. म्हने, पोरगी लय थकली, तिले पाहा."

मी विचारलं, मी हाकलल्यावरही आलात कशा? ती म्हणाली, तांड्यावरचा त्यांचा पेशंट पहाटे वारला होता, त्यामुळे वेळ मोकळा होता, आणि खड्ड्यात तिचा डबा सांडला होता. इतकंच. मी जे घडलं ते लिहिते आहे. आई उठल्यावर फक्त म्हणाली, "महाराज आले होते." मी वाद घातला नाही.

पुढचे सगळे गुरुवार गाडी येत राहिली, आणि मी दोन तास झोपत राहिले. आई पौषात गेली, एका सोमवारी सकाळी, माझ्या मांडीवर, न कण्हता. त्याआधी तिची माफी मागायला मला पुरेसे शांत दिवस मिळाले. त्या दिवसांचं ऋण कुणाच्या नावावर मांडू, मला अजून ठरवता येत नाही. संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे बसते तेव्हा तो प्रश्नही देवाच्याच पायाशी ठेवते.

हे काम सरकारनं गावोगाव करावं, असं मी आजही पत्रकात लिहिते. आणि गुरुवारी त्या गाडीत बसते. मागच्या आठवड्यात एका घरी सून दार अडवून उभी राहिली. डोळे तारवटलेले. "आमाले कोनाची गरज नाही," ती म्हणाली. मी चपला काढल्या आणि पायरीवर बसले.

"बाई," मी म्हटलं, "लय भूक लागली हाय. भाकर हाय का घरात?"