नवाईचं कार्ड

तळोद्याच्या ट्रेनिंग हॉलमध्ये हेमराज गुरुजी नव्या लोकांना आधी चहा पाजायचे आणि मग त्यांची फजिती करायचे. नवे म्हणजे नुकतीच ऑर्डर हातात पडलेले मास्तर, नर्सबाया, ग्रामसेवक. सातपुड्यात वर जावं लागणार म्हणून तोंड पाडून बसलेले. गुरुजी त्यांचे दोन भाग करायचे, अर्धे 'गाव' आणि अर्धे 'पाहुणे'. गावातल्या प्रत्येकाला एकेक कार्ड मिळायचं, त्यावर गावाची रीत लिहिलेली. पाहुण्यांना रीत ठाऊक नसायची. त्यांच्या हातात एकच कोरा कागद : अर्ध्या तासात वीस मुलांची नावं लिहून आणा.

पाहुणे ताठ मानेनं यायचे. हाक न मारता अंगणात शिरले, की गाव गप्प. पाणी मिळायच्या आधी कामाचं काढलं, की गाव गप्प. एकदा भटू नावाचा धुळ्याकडचा ग्रामसेवक घामाघूम होऊन म्हणाला, "अरे बापहो, नाव सांगाले बी जीएसटी लागस का?" हॉल फुटला हसून. पण भटूच्या कागदावर एकही नाव नाही.

"पाहुना हारना," गुरुजी म्हणाले. "सांग भो, चूक कोनी?"

"गावनी. बोलतसच नही ना ते!"

"गाव गप बसनं म्हंजे गाव बोलनं. त्यानी 'नही' म्हनं. तुले आयकू ऊनं नही. चाल, परत खेळ."

तिसऱ्या खेपेला भटू लांबूनच हाक मारून थांबला. खाट टाकली तेव्हा बसला. पावसाचं, बैलांचं बोलत राहिला. पाण्याचा तांब्या आला, आणि मग नावंही आली.

शेवटी गुरुजी मोबाईलवर एका बाईचा आवाज लावायचे. बोली पावरी, खाली सपाटीवरच्यांना न कळणारी. पण ती कुठं अडते, कुठं श्वास घेते, ते कळायचं. मग गुरुजी त्याचा अर्थ सांगायचे. तेव्हा कुणी हसत नसे.

तो आवाज रेवाबाईचा. गुरुजींच्या खेळाची खरी मालकीण तीच.

हेमराज तापीकाठच्या प्रकाशा गावचे, गुजर शेतकऱ्याचं पोर. घरी केळी, ऊस. नोकरी लागली ती अक्कलकुव्याच्या वर, जीप जिथं संपते तिथून तासभर पायी, अशा पाड्यावर. पोरं शाळेत मुकी बसायची. शेतकऱ्याच्या पोरानं मग शेतकऱ्याला सुचेल तेच केलं. पाऊस पडताच शाळेमागची जागा खणली, घरून बी आणून मका लावला, स्वतः निंदला. पाड्याच्या आधी शाळेचा मका भरला. कोवळी कणसं उकडून, मीठ लावून, गुरुजींनी पोरांपुढं ठेवली.

एकानंही हात लावला नाही.

गुरुजींना राग आला. पहिल्या रांगेत रूपा बसली होती, सात वर्षांची. त्यांनी कणीस तिच्या तोंडाशी धरलं. "खा! मन्हा हातनं लायेल शे!" दात मिटले तरी धरलं. शेवटी तिनं एक घास घेतला, बाहेर पळाली आणि ओकली.

दुसऱ्या दिवशी शाळेत एकही पोर नाही. आठवडाभर नाही. नववा दिवस असेल, शाळेत खिचडी शिजवणारी रेवाबाई, रूपाची आई, दारात येऊन उभी राहिली. खिचडीच्या निमित्तानं तिला शाळेची मराठी थोडी येत होती.

"गुरुजी, नवाई झाली नाही अजून," ती म्हणाली. "नवा दाणा आधी देवाला. मग डोंगराला, मग आमाला. त्याच्या आधी आमचं लेकरू मेलं तरी खात नाही. तुमी तिला खाऊ घातलं. आता रूपा रातची दचकते, म्हणते, माझ्यामुळे पीक जाईल."

गुरुजी खाली बसले. त्यांना वाटलं होतं, आपण मका दिला.

त्या वर्षी पीक गेलं नाही. नवाई झाली, पोरं परत आली. पण गुरुजींना ते कणीस विसरता आलं नाही. पुढची तीन वर्षं शाळा सुटली की ते रेवाबाईच्या खाटेवर वही घेऊन बसायचे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांनी चोवीस कार्डं केली. रेवाबाई सांगायची, ते लिहायचे. चुकलं की ती कपाळावर हात मारायची, "गुरुजी, तुमी बी पाहुणेच!" शेवटचं कार्ड नवाईचं. त्यासाठी ती मोबाईलपुढं बसली आणि रूपाची ती गोष्ट आपल्या बोलीत बोलली. बोलून झाल्यावर म्हणाली, "हा आवाज त्या खोलीतच ठेवा. लेकरू माझं आहे."

"खोलीबाहेर जाणार नाही," गुरुजी म्हणाले.

पुढं गुरुजी तळोद्याच्या हॉलमध्ये हा खेळ घेऊ लागले, आणि त्यांच्या मदतीला ललित आला. शहाद्याचा पोरगा, बोलायला गोड, खेळात हुशार. गाव होऊन बसला की खरंच गाव वाटायचा. गुरुजींना नाना म्हणायचा. सीमाकाकू, म्हणजे गुरुजींच्या घरच्या, त्याला भरीत-भाकरीशिवाय सोडत नसत. मागच्या वर्षी गुरुजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हॉलमध्ये माणसं येऊन बसलेली, आणि डोळ्याला पट्टी.

"नाना, तुमी आराम करा. मी घेस ना खेळ," ललित म्हणाला. "फक्त तो आवाज धाडी द्या. त्यानाबिगर खेळ आधूरा वाटस."

गुरुजींनी सीमाकाकूंकडून बटन दाबून घेऊन पाठवला. खोलीतच तर वाजणार होता.

चार महिन्यांनी ललित पुण्याला गेला, कंपन्यांच्या लोकांना ट्रेनिंग द्यायला. फोन कमी झाले. गुरुजी म्हणायचे, "पोऱ्या काममा शे."

या भाद्रपदात रूपाचा फोन आला. रूपा आता पाड्यावर आशाताई आहे. तिनं नमस्कार केला नाही. "गुरुजी, एक व्हिडिओ पाठवलाय. बघा," एवढंच म्हणाली.

मोठ्या हॉटेलचा हॉल. टायवाल्या माणसांनी डोक्याला पिसं बांधलेली, गालांवर पांढऱ्या रेघा. मागं पडद्यावर लिहिलेलं : 'ट्रायबल चॅलेंज'. पाहुणे गावातून मक्याची कणसं पळवत होते. दहा मिनिटांत ज्याची कणसं जास्त, तो संघ विजयी. आणि या सगळ्यामागं ढोलाच्या तालावर रेवाबाईचा आवाज. ती 'रूपा' म्हणाली की सगळा हॉल तिची नक्कल करत ओरडायचा, "रूऽऽपा!" आणि हसायचा. मधोमध माईक घेऊन ललित.

गुरुजींनी दोनदा पाहिला. सीमाकाकूंनी एकदा पाहिला आणि फोन पालथा घातला. "मन्हा हातनं भाकर खाई गया रे हाऊ," त्या म्हणाल्या.

ललितनं फोन उचलला, तोही हसतच. "बोला नाना! तब्येत काय म्हनस?"

"ललित, तू हाई काय करी ऱ्हायना?"

"काय व्हयनं?"

"रेवाबाईना आवाज."

"आरे, तो! नाना, तिले काय समजनार शे पुन्यामा काय चाली ऱ्हायनं? लोकेसले मजा वाटस, जरा डोंगरबिंगर कळस..."

"काय कळस? तुन्हा खेळमा पाहुना जितस."

"मंग? तुम्हना खेळमा पाहुना हारस. हाराले कोन यी, नाना? तळोदामा सरकार बसाडस म्हनीसन बसतस." मग आवाज जरा बारीक झाला. "आनि मी चोरी नही कयी. फाईल तुमीच धाडेल व्हती."

गुरुजींनी फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ नेटवरून दिसेनासा झाला; पण पाड्यावर तो ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला होता.

दुसऱ्या दिवशी कार्डांचा डबा घेऊन ते निघाले. अक्कलकुव्याहून जीप, मग चढण. रेवाबाईच्या अंगणाच्या कडेला थांबून त्यांनी हाक मारली. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. खाट टाकली. गुरुजी बसले. ती समोर ओट्यावर मागच्या सालच्या मक्याचे दाणे सोलत बसली. नवा मका शेतात उभा होता. नवाई तीन दिवसांवर.

"पाऊस बरा झाला," ती म्हणाली.

"बरा झाला. खाली केळी आडवी झाली थोडी."

"घरी बाई बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत."

गुरुजी पाण्याची वाट पाहू लागले. पाणी आलं की बोलायचं, हे त्यांनी वाटेत शंभरदा घोकलं होतं : माझं चुकलं, मी शब्द मोडला. घरात माठ दिसत होता. माठावर तांब्या होता. रूपा आतून आली, त्यांच्याकडे न बघता लसीकरणाची पिशवी खांद्याला लावून खालच्या घरांकडे गेली.

ऊन खाटेवरून सरकून ओट्यावर गेलं. रेवाबाईनं बैलाचं सांगितलं. पुलाचं सांगितलं. कणसामागून कणीस सोलत होती. एकदा ती उठली, तेव्हा गुरुजी सावरून बसले. ती माठाशी गेली, स्वतः पाणी प्यायली, तांब्या उपडा घातला आणि परत येऊन बसली.

तोंडाशी आलेलं गुरुजींनी गिळलं. पाण्याआधी कामाचं बोलायचं नाही. चोवीसातलं दुसरं कार्ड. तिनं सांगितलेलं, त्यांच्या अक्षरातलं. ते आत्ता बोलले असते, तर त्या हॉटेलातले पाहुणे आणि ते, फरक काय राहिला असता?

शेवटची जीप गाठायची तर आता निघायला हवं होतं. गुरुजी उठले. डबा खाटेवरच ठेवला. तिचं तिच्याकडं राहू दे म्हणून. "येतो," म्हणाले. रेवाबाईनं मान हलवली. 'या' म्हणाली नाही.

अर्ध्या उतारावर रूपानं त्यांना गाठलं. दम लागलेला. हातात डबा.

"आई म्हणते, हे तुमचं. घेऊन जा."

"रूपा, मी तुला..."

"गुरुजी," ती म्हणाली, "मला तेव्हाही तुम्ही विचारलं नव्हतं." आणि वळून वर चालू लागली.

तळोद्यात पुढच्या महिन्याची बॅच येऊन बसली, गुरुजी गेले नाहीत. सीमाकाकूंनी डबा उघडून कार्डं ओळीनं मांडली, पुसली. तेवीस भरली.

"एक कमी शे हो," त्या म्हणाल्या. "कोनतं पडनं?"

"पडनं नही," गुरुजी म्हणाले. "तिन्हं तिनी काढी लिधं."