हीटरचे वीस अंश

ट्रे कापायच्या टेबलावर चार वर्षं काढल्यावर मला मशीन मिळालं. बीडच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. एक फॉर्मिंग मशीन, त्याच्यापुढं कापायची आणि बांधायची टेबलं, आणि मागं प्लास्टिकच्या शीटचे रोल रचून ठेवलेले. आम्ही रोपवाटिकांसाठी काळे ट्रे बनवतो. मिरची, टरबूज, पपई, ज्याचं रोप करायचं त्याचं बी ट्रेच्या एकेका खळ्यात, म्हणजे वाटीएवढ्या खळग्यात, टाकतात.

आधीचा ऑपरेटर पुण्याला निघून गेला आणि शेठनी मला मशीनवर उभं केलं, तेव्हा टेबलावरच्या बायका खूश झाल्या. पुरुष आपापल्या कामाला लागले. सुपरवायझर साहेब मात्र एवढंच म्हणाले की बघू किती दिवस जमतंय. तेव्हापासून मी कायम जपून असायचे. ट्रे खराब निघाला तर मशीनमुळं निघाला असं कुणी म्हणणार नव्हतं, बाईमुळं निघाला असंच म्हणणार होतं.

काम तसं समजायला सोपं आहे. शीटचा रोल एका टोकाला लावायचा. साखळ्या तिला दोन्ही कडांनी धरून हीटरखाली नेतात. तिथं ती पापडाच्या लाटीसारखी मऊ पडते, मग साच्यावर येते, खालून हवा ओढली जाते आणि शीट खळ्याखळ्यात जाऊन बसते. सगळी कला उष्णतेत. कमी तापली तर खळ्याचे कोपरे नीट उठत नाहीत, जास्त तापली तर शीट मधून लोंबते आणि खळ्याचं बूड पातळ होतं. हीटरचे आठ भाग, प्रत्येकाचा आकडा वेगळा लावायचा. माझे आठही आकडे मला पाठ होते.

सकाळी सात ते तीन ही पाळी माझी. तीनला दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर यायचा. तो बीडच्याच जुन्या वस्तीतला, चाळिशीचा, मुसलमान. त्याच्या वडलांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळं पान्हा त्याच्या हातात लहानपणापासून. सगळे त्याला भाई म्हणायचे. तो मला ताई म्हणायचा. आमचं बोलणं तेवढंच. नेकनूरची एसटी गाठायची म्हणून मी तीनला पिशवी उचलून निघायचे.

उन्हाळा लागायच्या सुमाराला एका सकाळी मी मशीन चालू केलं आणि बघितलं तर तीन आणि चार नंबरच्या हीटरचे आकडे वीस अंशांनी उतरलेले. हे दोन हीटर बरोबर मधले. मी ते परत वर नेले आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. मी पेन्सिलीनं हीटरच्या पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला माझे आकडे लिहून ठेवले, कुणाला दिसणार नाहीत असे बारीक. चौथ्या दिवशी आकडे उतरलेले होतेच, शिवाय माझ्या पेन्सिलीवरून कुणाचं तरी बोट फिरलं होतं.

भाईच्या पाळीतले ट्रे मी बांधणीच्या टेबलावर बघितले. त्याचे कोपरे माझ्याएवढे धारदार नव्हते, जरा बोथट वाटायचे. मला वाटलं, हा मुद्दाम माल बिघडवतोय. पण स्वतःच्याच पाळीचा माल कुणी कशाला बिघडवेल, हे कोडं सुटेना. ते साहेबांनी सोडवून दिलं. एकदा चहाच्या वेळी ते सहज म्हणावं तसं म्हणाले की भाईला सकाळची पाळी पाहिजे आहे, दोनदा विचारून गेला. झालं. मला सगळं लख्ख दिसलं. आकडे असे सारखे हलवून ठेवायचे, एखाद्या सकाळी माझ्या नजरेतून सुटलं की माझी पाळी बिघडणार, आणि मग सकाळचं मशीन त्याचं.

त्यानंतर मी त्याच्याकडं नीट बघतसुद्धा नव्हते. तो तीनला येऊन दोन शब्द बोलायला थांबायचा, तर मी साखळीकडं बघत हूं म्हणायचे आणि निघायचे. एकदा तो म्हणाला, "ताई, शीट बघितली का?" मला वाटलं, हा मला शिकवतोय. मी म्हटलं, रोजच बघते. एसटीत बसल्यावर डोक्यात दुसरं काही नसायचं. तो माझ्या पिशवीकडं बघतो, माझी मालाच्या नोंदीची वही चाळतो, साहेबांशी हळू आवाजात बोलतो. बघायला लागलं की सगळंच दिसायला लागतं.

मग गेवराईकडचे एक रोपवाटिकावाले टेम्पो घेऊन आले. आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी मिरचीची रोपं भरलेला एक ट्रे उचलून आमच्यासमोर धरला आणि खळ्यांची बुडं माती-मुळांसकट खाली पडली. असे बरेच निघाले होते. शेतकऱ्यांच्या हातात रोपाऐवजी नुसती ढेकळं येत होती. साहेबांनी टेम्पोतून परत आलेल्या गठ्ठ्यांवरच्या पाळीच्या चिठ्ठ्या बघितल्या. सगळ्या सकाळच्या पाळीच्या होत्या. शेडमध्ये सगळे माझ्याकडं बघत होते. मी एवढंच विचारत राहिले की चिठ्ठ्या बदलल्या कुणी.

दुसऱ्या दिवशी मी तीनला पिशवी उचलली, गेटपर्यंत गेले आणि मागच्या दारानं परत आत आले. रोलच्या राशीमागं उभी राहिले. एसटी जाणार होती, जाऊ दिली. भाई आला, हातपाय धुतले, रोलपाशी जाऊन शीटची कड दोन बोटांत चोळली आणि सरळ पॅनेलचं दार उघडून तीन आणि चार नंबरचे आकडे खाली आणले. मी पुढं झाले. माझा आवाज चढला होता, टेबलावरच्या बायकांनी मान वर केली. मी विचारलं, "भाई, हे कावून करताय?"

तो दचकला नाही. मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. त्यानं राशीच्या तळातून जुन्या रोलचा एक तुकडा आणला, चालू रोलचा एक तुकडा कापला आणि जाडी मोजायचं यंत्र माझ्या हातात दिलं. म्हणाला, तुमीच मोजा. दोन्ही रोलवर लेबल एकच होतं. नवी शीट जुनीपेक्षा चांगलीच पातळ भरली. मग त्यानं माझ्या सकाळच्या मालातला एक ट्रे घेऊन दारातल्या उन्हात धरला. खळ्यांची बुडं काळी दिसायच्या ऐवजी तपकिरी दिसत होती, उजेड आरपार येत होता. त्याचा कालचा ट्रे धरला. तो काळाच होता.

"शीट पातळ आली तवापासून मधला ताव कमी केलाय," तो म्हणाला. "न्हाई तर बूड धरत न्हाई. मी रोज उतरवतो, तुमी रोज चढवता."

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही. तो म्हणाला, पहिल्याच दिवशी साहेबांना सांगितलं, ते म्हणाले ताईंना मी सांगतो. नंतर दोन-तीनदा तुमच्याशी बोलायला गेलो, तुम्ही थांबला नाहीत. पॅनेलच्या आतले आकडे त्यानं वाचले होते. ते त्याच्यासाठीच लिहिलेत, हात लावू नको म्हणून, असं त्याला वाटलं होतं. मग म्हणाला, "मला वाटलं, ताईला आपल्यावर भरोसा न्हाई."

भरोसा नव्हताच. चिठ्ठ्या कुणी बदलल्या नव्हत्या. ती बुडं माझ्याच हातानं पातळ झाली होती, आणि मी ज्या धारदार कोपऱ्यांचा तोरा मिरवत होते ते जास्त तापल्यामुळंच तसे उठत होते. सकाळच्या पाळीचं मी शेवटी विचारलंच. तेही खरं होतं. त्याच्या वडलांना अर्धांग झालं होतं, संध्याकाळी त्यांना व्यायामाला न्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

आम्ही दोघं तुकडे घेऊन साहेबांकडं गेलो. साहेबांनी यंत्र हातात घेतलं नाही. लेबलावर जाडी लिहिलेली आहे, ती बरोबरच असणार, असं म्हणाले. भाईचा निरोप मला का दिला नाही विचारलं तर म्हणाले, कामाच्या गडबडीत राहिलं. मग शेठकडं गेलो. शेठनी दोन्ही तुकडे बोटांनी वाकवून बघितले आणि म्हणाले की रोल मी बघतो, पण चूक झाली ती मशीनवर झाली. मला दीड महिना पुन्हा कापायच्या टेबलावर पाठवलं. सकाळचं मशीन भाईला दिलं. मला ज्याची भीती होती तेच झालं होतं, आणि त्याबद्दल बोलायला मला तोंड उरलं नव्हतं.

रोपवाटिकावाले दुसऱ्यांदा आले तेव्हा मी टेबलावरून उठून त्यांच्याकडं गेले आणि सांगितलं की ते ट्रे माझ्या हातचे होते, जास्त तापवले होते. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. "सांगितलंत हे बरं केलं," म्हणाले, "पण आता मी वाकवून बघितल्याबिगर तुमचा एक बी ट्रे घेणार न्हाई." आणि तिथंच टेम्पोच्या फळीवर बसून गठ्ठे सोडून एकेक बूड अंगठ्यानं दाबून बघू लागले. मी तिथंच उभी राहून त्यांना गठ्ठे देत राहिले.

पुढं रोल पहिल्यासारखे जाड येऊ लागले. कुणी काही सांगितलं नाही, फक्त यायला लागले. दीड महिन्यानं मी मशीनवर परत गेले, दुपारच्या पाळीला. सकाळची भाईकडंच ठेवा, असं मीच शेठना म्हटलं होतं. दुपारची पाळी रात्री अकराला सुटते, तेव्हा नेकनूरला एसटी नसते. आठवड्यातले पाच दिवस मी बीडमध्ये मावसबहिणीकडं राहते. आता तीनला आम्ही दोघं पॅनेलसमोर उभे राहतो, तो आकडे वाचतो, मी वहीत लिहिते, आणि शीट दोघंही मोजतो. साहेबांना ते आवडत नाही. एवढा वेळ कशाला लागतो, असं ते येता-जाता विचारतात.

साहेबांना पातळ शीट माहीत होती का, त्यांनीच ती आणली होती का, आणि भाईच्या पाळीचं मला त्या वेळी का सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही. भाईला विचारलं तर तो म्हणतो, सोडा ताई, काय हाती लागणार न्हाई. त्याचं बरोबर असेल. एका माणसाबद्दल मी इतकी चुकले होते की दुसऱ्याबद्दल काही ठरवायचा हक्क मला उरला नाही, हेही मला पटतं. तरी साहेब चहाच्या वेळी शेजारी येऊन सहज म्हणावं तसं काही सांगायला लागले, की मी कप खाली ठेवते आणि हे मला का सांगताय, असं त्यांनाच विचारते.