ढालवाला बेडूक

शनिवार, फेब्रुवारीअखेर. हजर: मी, माझे यजमान सुधीर, थोरल्या नणंदबाई नंदाताई, त्यांची डच सून मरायके आणि तिचं लहानपणापासूनचं कासव, पीट. भाचा कामावर होता.

लंडनमधल्या आमच्या हाउन्सलोहून लवकर निघालो, युस्टनला ट्रेन धरली. कॉव्हेंट्रीपर्यंत धुक्यातली शेतं आणि बिनपानांची झाडं, सोबत थालीपीठ.

कॉव्हेंट्रीला भाच्याच्या घरी दार नंदाताईंनी उघडलं. नाशिकहून येऊन त्यांना महिनाच झालाय. त्यांनी मला थेट देव्हाऱ्यापाशी नेलं. तिथे रेडिएटरला लागून, शालीत गुंडाळलेलं कासव.

"गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये सापडलं गं! देवापुढचं कासव, आणि गारठवून ठेवलंय!"

इथे पाळीव कासवांना हिवाळी झोपेसाठी मुद्दाम फ्रिजमध्ये ठेवतात. मी तसं सांगितलं, तसा त्यांनी घाईने रेडिएटर बंद केला.

मरायके ड्युटीवरून आली, बघून पांढरी पडली. शाल सोडवून तिने पीटला परातीत कोमट पाण्यात ठेवलं. "आता परत झोपवता येणार नाही. त्याने पाणी प्यायला हवं, मग खायला हवं."

आम्ही परातीभोवती बसलो. नंदाताईंनी विचारलं, "तुमच्यात याला काय म्हणतात?"

"स्खिल्टपट. स्खिल्ट म्हणजे ढाल, पट म्हणजे भेक, थोराड बेडूक."

"कूर्मावताराला बेडूक? दुसरं काही सुचलं नाही तुमच्या लोकांना?"

"आई, बेडूक आमच्या दारात होते. कासव कुठे होतं?"

"आणि आपला पाणघोडा?" सुधीर म्हणाले. "त्यात घोडा कुठाय, ताई?"

ओळखीच्या प्राण्याचं नाव अनोळखी प्राण्याला द्यायचं, ही रीत सगळीकडचीच म्हणायची. नंदाताई पहिल्यांदा हसल्या. तेवढ्यात पीटने मान बाहेर काढून पाण्यात तोंड घातलं. मरायकेने सासूचा हात धरला.

डँडेलायनची पानं (रस्त्याकडेचं पिवळ्या फुलांचं तण) समोर ठेवली. त्याने ढुंकून पाहिलं नाही.

"तो खाईपर्यंत मी जेवणार नाही," नंदाताईंनी जाहीर केलं.

संध्याकाळी घरी परतलो. परक्या घरी रुळायला माणसालाही वेळ लागतो, हे ट्रेनमध्ये मनात घोळत होतं. बॅग रिकामी केली, डबे घासले. मरायकेचा निरोप आलाय: पीटपुढची पानं तशीच आहेत, आणि सासूसोबत तिनेही स्वतःचं ताट झाकून ठेवलंय. नंदाताईंना अजून जेवायला बसवायचं आहे.